निरोगी एकसष्ट

आमच्या आजान, म्हणजे प्राध्यापकबाई, ससिविमोन माणसांवर विश्वास ठेवत नाहीत, रक्तावर ठेवतात. त्यामुळे त्या सकाळी रक्तानेच दगा दिल्यावर त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल, तर माझ्याकडे बघितलं.

"ताओ, दार लाव."

दार लावलं.

"आतून."

मी आतूनच लावलं होतं, पण त्यांच्या समाधानासाठी पुन्हा एकदा लावलं. ताओ म्हणजे कासव. माझं खरं नाव वोरावित आहे, पण ते फक्त माझ्या ओळखपत्राला माहीत आहे. आमच्याकडे माणूस टोपणनावावर जगतो, भांडतो, लग्न करतो. खरं नाव पाहुण्यांच्या कपबशांसारखं कपाटात ठेवलेलं असतं.

आजाननी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. "गाठ सत्तावीस. निरोगी एकसष्ट. दोघींचं रक्त एबी निगेटिव्ह."

"योगायोग असेल, आजान."

"निगेटिव्ह रक्ताची माणसं आपल्याकडे हजारात तीन. त्यातली एबी शोधायला निघालास तर म्हातारा होशील. आणि माझ्या एकशेएकवीस बायकांत दोन?"

त्या एकशेएकवीस बायकांची गोष्ट अशी. चरबी ही नुसती साठवण नसते, ती बोलते. तिचा एक हार्मोन आहे लेप्टिन. तो मेंदूला सांगतो, 'पुरे, झालं जेवण.' चरबी जितकी जास्त, तितका त्याचा आवाज मोठा. दुसरा अ‍ॅडिपोनेक्टिन. तो शांततेचा माणूस, चरबी वाढली की गप्प होतो. ज्या बाईच्या अंडाशयातली गाठ पुढे कॅन्सरची निघते, तिच्यात या दोघांचा तोल आधीच ढळलेला असतो का, हे आजानना बघायचं होतं. जगात यावर भांडणं चालू आहेत. कोणी म्हणतं लेप्टिन वाढतं, कोणी म्हणतं घटतं, कोणी म्हणतं हा सगळा नुसता वजनाचा खेळ. आजानचा यातल्या कोणावरच विश्वास नव्हता. म्हणून लाम्पांगमधल्या आमच्या इस्पितळाच्या मागच्या इमारतीत साठ गाठवाल्या आणि साठ निरोगी बायकांचं रक्त गोळा होत होतं. आमच्याकडे नुसते नंबर यायचे. नावं नाहीत.

सत्तावीस नंबरवर आजानचा डोळा आधीपासून होता. गाठ लहान होती, तीन-तीन महिन्यांनी बघू म्हटलेली. पण तिन्ही वेळा तिचं लेप्टिन चढत गेलं, अ‍ॅडिपोनेक्टिन उतरत गेलं, आणि वजन जागच्या जागी. तिसऱ्या वेळी सोनोग्राफीत गाठही थोडी मोठी दिसली. आजाननी लगेच नर्सकरवी बोलावणं धाडलं. फोन बंद. पत्र परत. फेब्रुवारीपासून बाई गायब.

आणि आता जूनमध्ये निरोगी एकसष्ट.

"मी ठिपके काढले," मी म्हणालो आणि आलेखाचा कागद पुढे केला. सत्तावीसचे तीन ठिपके एका रेघेत चढत होते. त्याच रेघेवर, चार महिने पुढे, एकसष्टचा ठिपका बसला होता. पट्टीने मारल्यासारखा.

आजाननी तो बराच वेळ बघितला. "कोणी तरी जुनं गोठवलेलं रक्त काढून नवीन नळीत भरलं. फ्रीजरची किल्ली कोणाकडे असते?"

"पी नितकडे."

"आणि?"

"माझ्याकडे."

"आणि?"

"तुमच्याकडे."

"माझ्यावर संशय घेतोस?"

"तुम्हीच शिकवलंत, कोणाला सोडायचं नाही."

त्यांना ते आवडलं असावं, कारण त्यांनी डब्यातलं उकडलेलं अंडं काढलं. इस्पितळाच्या कँटीनवर त्यांचा विश्वास नाही. "पण रक्तगट?" त्या अंडं सोलता सोलता म्हणाल्या. "तो तू ताज्या रक्तावर बघितलास. म्हणजे नळी ताजी होती. म्हणजे बाई स्वतः आली होती. ती निरोगी म्हणून बसली, आणि तिच्या पोटातली गाठ तर चढत्या रेघेवर आहे. ताओ, ही बाई सापडली पाहिजे. उशीर झाला तर सापडून उपयोग नाही."

"पण तिने असं का करावं?"

"तिने नाही. नितने. साठ निरोगी बायका भरत नव्हत्या, म्हणून नितने ओळखीतली एक परत उभी केली."

नावांचं बंद पाकीट नीतिसमितीकडे होतं, आणि समितीचे अध्यक्ष पंधरा दिवसांच्या भिक्खू-दीक्षेसाठी मुंडण करून विहारात बसले होते. तिथे फोन घेत नाहीत. मूळ फॉर्म नितकडे होते, पण तिला सरळ विचारायचं आजानच्या स्वभावात नव्हतं. त्यांनी मला तिच्या मागावर पाठवलं.

पी नित ही आमची नर्स. 'पी' म्हणजे ताई, आणि 'नित' म्हणजे चिमुकली. वजन नव्वद किलो. गाठवाल्या बायकांचं रक्त ती इस्पितळात काढते. निरोगींचं रक्त दर रविवारी विहाराच्या अंगणात आरोग्य-स्वयंसेविका काढतात, आणि पी नित दुपारी जाऊन बर्फाची पेटी तेवढी घेऊन येते. त्या रविवारी मी विहारापासून तिच्या मागे निघालो. ती स्कूटरवर, मी सायकलवर. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ ती थांबली, तेव्हा मी एका टांग्याआड झालो.

"ताओ," ती मागे न बघता म्हणाली, "घोड्यामागे काय करतोयस?"

"घोडा बघतोय, पी."

"मागून?"

"पुढून सगळेच बघतात."

"आजाननी पाठवलं ना? ये, पेटी धर. जड आहे."

अशा रीतीने जिच्या मागावर होतो तिचीच पेटी घेऊन मी पुढचा पाठलाग केला. इस्पितळाच्या फाटकाशी जे देवतेचं छोटं घर आहे तिथे ती थांबली, लाल सोड्याची बाटली उघडली, नळी खोचली आणि ठेवली.

"हे कशाला?"

"साठ बायका पुऱ्या होत नव्हत्या. नवस केला होता. देवतेने एकसष्ट दिल्या." तिने हात जोडले. "वरची एक बोनस."

मी तिला थेट विचारलं, कारण हेरगिरी तशीही संपली होती. तिने गाठ सत्तावीसचा फॉर्म दाखवला. बुआकेओ वोंगखाम, वय चौपन्न. शिबिरातला एकसष्टचा फॉर्मही तिच्याकडेच होता. नत्थरिका सिरिमोंगखोन, वय त्रेपन्न. पत्ता वेगळा, विहाराचा, फोन वेगळा, आडनावसुद्धा वेगळं.

"दोन बायका," पी नित म्हणाली. "तुझ्या बाईंना सांग, संशयाचंही एक औषध घ्या म्हणावं."

मी आजानना सांगितलं. त्या म्हणाल्या, "खोटी नावं." मग म्हणाल्या, "तू आणि नित मिळालेले नाही ना?" मी नाही म्हणालो. मला स्वतःलाच ते खोटं वाटलं. संशयाचं असंच असतं, चार दिवस जवळ बसलं की लागण होते.

त्या आठवड्यात मी सगळ्यांकडे वाकड्या नजरेने बघत होतो. माझ्या घरमालकिणीकडेसुद्धा. पा कुंग, म्हणजे कोळंबी मावशी. खाली तिचं शेवयांचं दुकान, वर माझी खोली. तांदळाच्या शेवयांवर टोमॅटोचा आंबट रस्सा आणि त्यात रक्ताच्या वड्या. दिवसभर रक्त बघून आलेल्या माणसाला तेच जेवण. गेले काही महिने पा कुंग स्वतः मात्र चार चमचे खायची आणि वाटी सरकवायची.

"झालं. गळ्यापर्यंत आलं."

पोट मात्र तिचं फुगत होतं. शेजारच्या बायका म्हणायच्या ती बारीक व्हायची पावडर घेते. समोरचा न्हावी म्हणायचा चोरून खाते. मी म्हणायचो, "मावशी, तुमचं लेप्टिन भलतंच प्रामाणिक झालंय." त्यावर ती हसायची. मीही हसायचो. ते वाक्य आठवलं की अजून मला पायाचे अंगठे आखडून घ्यावेसे वाटतात.

गुरुवारी रस्सा वाढून घेताना मी सहज भिंतीकडे बघितलं. गल्ल्याच्या वर, राजाच्या तसबिरीच्या बऱ्याच खाली, एक नवीन चौकट टांगली होती. आत विहाराच्या शिबिराचा छापील कागद. रक्तदाब सामान्य. साखर सामान्य. वर ठळक अक्षरांत नाव, नत्थरिका सिरिमोंगखोन. आणि कोपऱ्यात आमच्या प्रयोगशाळेची पिवळी चिकटपट्टी.

निरोगी ६१.

"पा कुंग, ही नत्थरिका कोण?"

"मी." तिने पळी झटकली. "छान आहे ना? लुआंग फोंनी तीन नावं काढून दिली, त्यातलं मी हे निवडलं. आडनावही त्यांनीच दिलं. मंगळ दूर राहतो."

लुआंग फो म्हणजे आमच्या गल्लीतल्या विहाराचे मुख्य भिक्खू. पाच वर्षं मी या बाईच्या हातचं खात होतो, आणि तिचं कपाटातलं नाव मला माहीत नव्हतं. ना जुनं, ना नवं.

"आणि आधी काय होतं?"

"ते आता घ्यायचं नाही."

"बुआकेओ वोंगखाम?"

पळी रश्श्यात पडली. पा कुंगने दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणला. "कोणी सांगितलं? नर्सने? ती जाडी?"

"कोणी नाही. तुमच्या रक्ताने."

"माझं रक्त साधं आहे. बघ तिथे लिहिलंय, सामान्य."

"तो रक्तदाब आहे, मावशी!"

तिने मला आतल्या बाजूला ओढलं आणि सगळं सांगितलं, एखाद्या अडाण्याला सांगावं तसं. त्या जुन्या नावाला लहानपणापासून काही ना काही लागायचं. आधी नवरा गेला, मग घराला आग, मग पोटात गाठ. फेब्रुवारीत लुआंग फो म्हणाले नाव जड आहे. तिने कचेरीत जाऊन नाव बदललं, फोनचा नंबर बदलला, नऊ जास्त असलेला घेतला, जळलेल्या घराच्या पत्त्याऐवजी विहाराचा पत्ता लावला आणि वयातलं एक वर्ष उतरवलं. मग नवं नाव लागू पडलं का ते बघायला विहाराच्या शिबिरात गेली. तिथल्या मुलीने विचारलं, काही आजार? तिने नाही म्हटलं.

"खोटं बोललात."

"खोटं कशाला? नत्थरिकाला कधी काही झालेलंच नाही. चार महिन्यांची तर आहे ती."

नियमाने तिचं बरोबर होतं. आमचा अभ्यासही तेच म्हणत होता. सत्तावीस हरवली, एकसष्ट निरोगी. एका बाईची गाठ दोन नावांच्या मधल्या फटीत आरामात वाढत होती.

"उद्या माझ्याबरोबर इस्पितळात चला."

"कोणाच्या नावाने? जुन्या नावाने गेले तर ते सगळं परत येईल. नव्या नावाने गेले तर तिला डाग लागेल." मग तिचे डोळे बारीक झाले. "आणि तुला एवढी घाई का? तुमच्यात एक बाई कमी पडते ना? सत्तावीस नंबर भरायचाय?"

"पोट दुखतं का?"

"वारा धरलाय."

"चार चमच्यांत गळ्यापर्यंत येतं, तो वारा?"

"तूच म्हणालास लेप्टिन प्रामाणिक झालं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आजान स्वतः दुकानात आल्या. आधी चमचा उजेडात धरून बघितला, मग रुमालाने पुसला, मग पुन्हा बघितला. पा कुंग गल्ल्यामागून हे सगळं बघत होती.

"चमचा धुतलेला आहे, डॉक्टरीणबाई."

"असेल."

"असेल नाही, आहे."

अशी ओळख झाली. आजाननी रस्सा चाखला आणि वाटी रिकामी केली. मग खुर्ची वळवून बसल्या.

"पा कुंग, पोटात आतड्यांवर चरबीचा एक पदर असतो. पांघरुणासारखा. अंडाशयातली गाठ वाईट निघाली तर तिच्या पेशी सुटतात आणि बहुतेक वेळा आधी त्या पदरावर जाऊन बसतात. तिथे त्यांना आयतं खायला मिळतं. आणि चरबीचे हार्मोन त्यांना वाढायला मदत करतात असं आम्हाला वाटतं. अजून खात्री नाही."

"म्हणजे गिऱ्हाईक येतं आणि उठतच नाही," पा कुंग म्हणाली.

"उठत नाही, आणि भाऊबंदांना बोलावतं."

पा कुंग कोपऱ्यातल्या टेबलाकडे बघत राहिली. तिथे एक म्हातारा सकाळपासून एका वाटीवर बसला होता. "आणि माझ्यात ते बसलेत?"

"माहीत नाही. म्हणून तर बघायचंय. तुमची गाठ साधीही असेल. पण मला तुमच्या रक्ताचा संशय येतोय."

"तुम्हाला माझ्या चमच्याचाही आला होता."

"हो. आणि तो स्वच्छ होता. पोटही स्वच्छ निघालं तर मला आनंदच आहे."

पा कुंगने तोच चमचा उचलून पुन्हा पुसला. मग म्हणाली, "लुआंग फोंना विचारा. ते हो म्हणाले तर येते." तिला वाटलं असावं की डॉक्टरीण विहारात जायची नाही.

आजान त्याच पावली निघाल्या. पा कुंग मागे, पी नितला मी फोन करून बोलावलं होतं ती स्कूटरवर, आणि मी सायकलवर, असा मोर्चा विहारात पोचला. लुआंग फो जांभळाच्या झाडाखाली पंख्याने वारा घेत होते. आजाननी पायाशी बसून सगळं सांगितलं, आकड्यांसकट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. लेप्टिन या शब्दाला एकदा मान हलवली.

"मी नाव बदलून दिलं," ते पा कुंगला म्हणाले. "पोट बदलून दिलं नव्हतं."

"पण तुम्ही म्हणालात जुनं सगळं सुटेल..."

"तू इतकी घाबरलेली होतीस की सोनोग्राफीला जाईनास. म्हटलं नव्या नावाने तरी जाशील. तू शिबिरात जाऊन रक्तदाब मोजून आलीस!" त्यांनी पंखा खाली ठेवला. "मला साखर आहे. माझी फाईल त्यांच्या इस्पितळात एवढी जाड आहे. मीही भिक्खू झालो तेव्हा नाव बदललं होतं. साखर माझ्याबरोबर आलीच."

पी नितने हळूच पा कुंगचा हात धरला. तिने तो सोडवून घेतला, मग परत धरला.

"दिवस कोणता?" ती शेवटी म्हणाली.

"बुधवारी खाट रिकामी आहे," आजान म्हणाल्या.

"बुधवार वाईट."

लुआंग फोंनी पंचांग मागवलं, चष्मा लावला, बोट फिरवलं. आम्ही चौघं त्या बोटाकडे बघत होतो. माझ्या ठिपक्यांकडे इतकं कोणी बघितलं नव्हतं.

"बुधवारी केस कापू नयेत," ते म्हणाले. "पोटाबद्दल काही लिहिलेलं नाही."

फॉर्म भरताना पा कुंगने नवं नाव लिहिलं. आजान म्हणाल्या खाली जुनंही लिहा, नाहीतर जुन्या फाईली जोडता येणार नाहीत. तिने बारीक अक्षरांत लिहिलं आणि वर तळहात ठेवला, कोणी बघू नये म्हणून. पी नितने त्या तळहाताच्या खालून फॉर्म अलगद ओढून घेतला.

ऑपरेशन साडेतीन तास चाललं. आजान आत नव्हत्या. त्या शल्यविशारद नाहीत, पण शल्यविशारदावर त्यांचा विश्वास नव्हता, म्हणून काचेबाहेर उभ्या राहून त्याच्या मानेकडे बघत होत्या. काढलेलं सगळं तपासायला गेलं, तो चरबीचा पदरसुद्धा. अहवालाला नऊ दिवस लागले. नऊ आकडा चांगला, पा कुंग म्हणाली, आणि मग नऊ दिवस कोणाशी बोलली नाही. मी दुकानाची किल्ली सांभाळत होतो. दोनदा रस्सा करून बघितला. न्हाव्याने एक वाटी खाल्ली आणि मला विचारलं, मावशी कधी येणार.

दहाव्या दिवशी आजान वॉर्डात आल्या. कागद वाचण्याआधी त्यांनी वरचं नाव वाचलं, मग खालचं, मग खाटेवरची पट्टी वाचली. मग खुर्ची ओढली.

"डाव्या अंडाशयात कॅन्सर होता. गाठीचं कवच फुटलेलं नव्हतं. पदर स्वच्छ आहे. कोणी बसलेलं नाही."

पा कुंगने डोळे मिटले. मग ते न उघडताच म्हणाली, "दोनदा तपासलं ना?"

"तीनदा," आजान म्हणाल्या. "पहिल्या दोघांवर माझा विश्वास नव्हता."

औषधाच्या फेऱ्या झाल्या, केस गेले, आणि न्हाव्याने रोज येऊन डोक्यावरून हात फिरवून 'अजून काही नाही' असा निकाल द्यायचं काम स्वतःकडे घेतलं. आमच्या अभ्यासातून मात्र सत्तावीस आणि एकसष्ट या दोन्ही ओळी काढून टाकल्या. एक बाई दोन्हीकडे मोजता येत नाही, आणि एका बाईवरून काही सिद्धही होत नाही. आजान म्हणाल्या, हार्मोन खरंच काही सांगत होते की गाठ आपली आपण वाढत होती आणि आम्ही नुसते शेजारी उभे होतो, हे अजून शंभर बायका बघितल्यावर कळेल. छापायला गेलेल्या लेखात त्यामुळे ती कुठेच नाही. पी नितने रिकाम्या झालेल्या जागेसाठी फाटकाशी परत एक लाल बाटली ठेवली.

चार महिन्यांनी दुकान उघडलं. आता दर शुक्रवारी आजान येतात, चमचा उजेडात धरतात, रस्सा संपवतात आणि उठत नाहीत. पा कुंग आपली वाटी घेऊन समोर जेवायला बसते, तेव्हा त्या ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत असतात.

"डॉक्टरीणबाई, जेवता की माझे चमचे मोजता?"

"दोन्ही."

"मग? किती झाले?"

"अठरा. मागच्या शुक्रवारी बावीस होते."

"मागच्या शुक्रवारी मीठ बरोबर होतं. आज या कासवाने घातलंय."

आजाननी माझ्याकडे बघितलं. मी मिठाकडे बघितलं. पा कुंगने त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून एकोणिसावा चमचा तोंडात घातला आणि मुद्दाम सावकाश चावायला लागली. आजान खुर्ची थोडी पुढे ओढून विसाव्याची वाट बघत बसल्या.